‘पाणी’ आणि ‘देश’ यांना एकच शब्द: व्हिएतनामी चिकन विंग्जच्या एका बशीचा इतिहास 🧵

१/ अमेरिकेतील व्हिएतनामी उपाहारगृहांत सध्या एका पदार्थाला विशेष मागणी असते, ती म्हणजे चिकन विंग्जला. बाहेरून कुरकुरीत, वर गडद तपकिरी चिकट लेप, त्यावर तळलेल्या लसणाचे कण आणि जिभेवर रेंगाळणारी खारट-गोड चव. ही चव मूळची माशाची आहे, हे नवख्या खवय्याला बहुधा सांगावे लागते. ही बशी त्या टेबलापर्यंत कशी पोहोचली याचा माग काढू लागले की एक वसाहत, एक फाळणी, एक युद्ध आणि एकोणीस वर्षांची व्यापारबंदी वाटेत भेटते.

२/ प्रथम मेनूकार्ड पाहू. पानेच्या पाने पदार्थ, प्रत्येकापुढे क्रमांक. उत्तरेचा फो, मध्य व्हिएतनाममधील ह्युएचा तिखट ‘बुन बो’, दक्षिणेचा ‘कॉम ताम’, सगळे एकाच छपराखाली. खुद्द व्हिएतनाममध्ये अशी रचना रूढ नव्हती. तिथे फो विकणारा पिढ्यान्‌पिढ्या फोच विकतो, भाताचे दुकान वेगळे, पावाची गाडी वेगळी. म्हणजे हे मेनूकार्ड मायदेशातून आणलेले नाही. मायदेश सुटल्यावर, जे जे आठवते ते सारे एका जागी ठेवण्याच्या गरजेतून ते तयार झाले.

३/ या कार्डावरचा सर्वांत जुना घटक मात्र त्यावर छापलेलाच नसतो. तो टेबलावरच्या बाटलीत असतो. ‘नुओक माम’, म्हणजे मुरवलेल्या माशांचा अर्क. चिमुकले ‘का कॉम’ मासे आणि मीठ यांचे थर मोठ्या पिंपांत भरून साधारण वर्षभर मुरू द्यायचे. प्रमाण ढोबळमानाने तीन भाग मासे, एक भाग मीठ. माशांतील प्रथिने हळूहळू विरघळतात आणि तळाच्या तोटीतून तांबूस, पारदर्शक द्रव ठिबकू लागतो. फू क्वोक बेट आणि फान थिएत हे बंदर यासाठी विशेष नावाजलेले.

४/ कोकणात पावसाळ्याच्या बेगमीसाठी मासळी उन्हात सुकवतात. व्हिएतनामच्या दमट किनाऱ्याने तोच प्रश्न मिठाने सोडवला. मात्र तिथे हा अर्क तोंडीलावण्यापुरता उरला नाही. भाज्या, मांस, सूप, सॅलड, चटणी या सर्वांत मिठाची जागा बहुतांशी त्यानेच घेतली. चिमूटभर मीठ म्हणावे तसे तिथे चमचाभर नुओक माम.

५/ या नावातील ‘नुओक’ या शब्दाकडे लक्ष द्यायला हवे. व्हिएतनामी भाषेत त्याचा पहिला अर्थ पाणी किंवा द्रव. त्याचाच दुसरा अर्थ देश. नद्या, खाचरे आणि समुद्र यांवर जगणाऱ्या समाजाने भूमीलाही पाण्याचेच नाव दिले. देश गमावणे याला व्हिएतनामीत ‘मात नुओक’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर ‘पाणी गमावणे’. पुढच्या साऱ्या कथेत हा शब्द आपल्या दोन्ही अर्थांनी येत राहील.

६/ फ्रेंचांनी १८५९ मध्ये सायगॉन घेतले आणि पुढच्या दशकांत सारा व्हिएतनाम त्यांच्या अमलाखाली आला. अधिकारी आणि सैनिक यांच्यामागोमाग पाव, कॉफी आणि गोमांसाचा वाढता खप आला. व्हिएतनामी शेतकऱ्यासाठी बैल आणि रेडा ही नांगराची जनावरे होती, रोजच्या जेवणातली नव्हेत. फ्रेंचांच्या खाटिकखान्यांत उरणाऱ्या हाडांना आता गिऱ्हाईक हवे होते.

७/ विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेत, हनोई आणि नाम दिन्ह या परिसरात, त्या हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा आणि तांदळाच्या पट्टीसारख्या शेवया एकत्र आल्या. तोच फो. त्याचे मूळ फ्रेंच रश्श्यात की चिनी शेवयांच्या पदार्थात, यावर अभ्यासकांत वाद आहे. एवढे निश्चित की हा काही प्राचीन पदार्थ नव्हे. कावडीच्या एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला वाट्या घेऊन फेरीवाले तो दारोदार विकत. वसाहतीतील नव्या शहरी कामगाराचे ते अन्न होते.

८/ याच वसाहतीच्या वाटेने भारतही या मेनूकार्डावर पोहोचला. ‘का री गा’ म्हणजे कोंबडीची करी. फ्रेंचांची दुसरी वसाहत पुदुच्चेरी. तिथून आणि कारैकालहून तमिळ सैनिक, कारकून, व्यापारी सायगॉनला गेले. चेट्टियार सावकारही गेले. सायगॉनचे मरिअम्मन मंदिर आजही उभे आहे. करीत नारळाचे दूध राहिले, त्यात गवती चहा आणि रताळी आली, आणि ती भाताऐवजी फ्रेंच पावासोबतही खाल्ली जाऊ लागली. तीन संस्कृती एका वाडग्यात, आणि तिघींना एकत्र आणणारी सत्ता चौथ्याच कारणासाठी तिथे आलेली.

९/ आता फाळणी. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा पराभव झाला आणि जुलैत जिनिव्हा करार झाले. सतराव्या अक्षवृत्तावर देश तात्पुरता दुभागला गेला. नागरिकांना आपली बाजू निवडण्यासाठी ३०० दिवसांची मुदत मिळाली. तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात कॅनडा, पोलंड आणि भारत होते. अध्यक्षपद भारताकडे होते. स्वतःच्या फाळणीला सात वर्षे झालेला देश दुसऱ्याच्या फाळणीचा साक्षीदार झाला.

१०/ त्या मुदतीत आठ ते दहा लाख लोक उत्तरेकडून दक्षिणेकडे गेले. त्यांत कॅथलिकांचे प्रमाण मोठे होते. सायगॉनला फो त्यापूर्वी अगदीच अनोळखी नव्हता, पण आता गल्लोगल्ली उत्तरेच्या निर्वासितांची दुकाने निघाली. दक्षिणेच्या समृद्ध मातीने त्या संयत पदार्थावर आपला हात फिरवला. मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पाने, लिंबू, गोडसर सॉस असे ताटभर साहित्य वाडग्याशेजारी येऊन बसले. हनोईचे जुने खवय्ये आजही त्यावर नाक मुरडतात.

११/ ‘बान मी’ची कथाही अशीच. फ्रेंच काळात पाव, लोणी, थंड मांस हे सुरीकाट्याने बशीत खाण्याचे महागडे अन्न होते. १९५८ मध्ये उत्तरेहून आलेल्या एका दांपत्याने सायगॉनमध्ये ‘होआ मा’ हे दुकान काढले. सारे जिन्नस एका लहान पावातच भरून ते गिऱ्हाइकाच्या हातात देऊ लागले. कामावर निघालेल्या माणसाला बसून खायला वेळ नव्हता. पुढे आंबट-गोड गाजर-मुळा, कोथिंबीर, मिरची यांनी तो पाव पुरता व्हिएतनामी केला.

१२/ ‘कॉम ताम’ म्हणजे तांदळाच्या कण्यांचा भात. गिरणीत तुटलेला तांदूळ बाजारात विकला जात नसे, तो मेकाँगच्या खोऱ्यातील शेतकरी आणि मजूर घरी शिजवत. पुढे सायगॉनने त्यावर भाजलेले डुकराचे मांस आणि नुओक मामची पातळ गोड चटणी वाढली, आणि गरिबाच्या कण्या शहराची ओळख ठरल्या. टाकाऊ गोष्टीचा मान वाढवण्याची ही रीत ध्यानात ठेवावी. विंग्जच्या बाबतीत तीच पुन्हा दिसेल.

१३/ युद्धही या वाडग्यांपासून दूर नव्हते. सायगॉनमधील ‘फो बिन्ह’ या साध्या दुकानात अमेरिकी सैनिकही जेवत. त्याच दुकानाच्या माडीवर व्हिएतकाँगचा गुप्त तळ होता आणि १९६८ च्या टेट आक्रमणात शहरावरील हल्ल्यांची आखणी तिथे झाली. खाली रस्सा उकळत होता, वर नकाशे पसरलेले होते.

१४/ ३० एप्रिल १९७५. सायगॉन पडले. त्या वर्षी सुमारे सव्वा लाख व्हिएतनामी अमेरिकेत पोहोचले. त्यांना चार लष्करी तळांवर ठेवण्यात आले: कॅलिफोर्नियातील कॅम्प पेंडलटन, आर्कान्सातील फोर्ट चाफी, फ्लोरिडातील एग्लिन आणि पेनसिल्व्हेनियातील इंडियनटाउन गॅप. एकट्या फोर्ट चाफीतून पन्नास हजारांच्या आसपास लोक गेले. छावणी सोडण्यासाठी बहुधा एखादा अमेरिकी पुरस्कर्ता मिळावा लागे, मग तो चर्च असो वा कुटुंब.

१५/ सरकारचे धोरण स्पष्ट होते: या लोकांना देशभर विखरून टाकायचे, कोणत्याही एका राज्यावर भार पडू द्यायचा नाही, त्यांची वस्ती होऊ द्यायची नाही. म्हणून मेकाँगकाठची कुटुंबे थेट बर्फाळ गावांत जाऊन पडली. तिथे आले, लसूण, तांदूळ मिळत होता. मिळत नव्हते ते नुओक माम. अनेक घरांनी सोया सॉसवर वेळ भागवली.

१६/ त्याचे कारण निव्वळ अंतर नव्हते. उत्तर व्हिएतनामवरील अमेरिकी व्यापारबंदी १९७५ मध्ये साऱ्या देशाला लागू झाली आणि ती ३ फेब्रुवारी १९९४ पर्यंत टिकली. फू क्वोकची एक बाटलीही अमेरिकी दुकानात कायदेशीररीत्या येऊ शकत नव्हती. ‘देश’ गेला, त्यापाठोपाठ ‘पाणी’ही गेले. मग थायलंडमध्ये तयार झालेला सॉस आला आणि त्याच्या अनेक बाटल्यांवर नाव मात्र झळकले फू क्वोकचे. व्यापाराच्या नजरेने तो दिशाभूल करणारा शिक्का. निर्वासितांसाठी मात्र ते नाव वाचता येणे हाच अर्धा दिलासा होता.

१७/ दुसरी लाट समुद्रातून आली. १९७८–७९ मध्ये लाखो लोकांनी होड्यांतून देश सोडला. त्यांत चिनी वंशाचे व्हिएतनामी मोठ्या संख्येने होते. हजारो जण वादळांत, भुकेने किंवा चाच्यांच्या हातून समुद्रातच मेले. डिसेंबर १९७८ मध्ये ‘ह्युई फाँग’ हे मालवाहू जहाज ३,३०० हून अधिक निर्वासितांसह हाँगकाँगबाहेर आले. त्याला बंदरात शिरण्याची परवानगी मिळायला जवळजवळ महिना गेला.

१८/ त्या जहाजावरील एक प्रवासी डेव्हिड ट्रॅन. १९८० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये मिरचीचा सॉस बनवायला सुरुवात केली आणि कंपनीला जहाजाचेच नाव दिले, ‘हुय फाँग’. बाटलीवरचा कोंबडा हे त्यांच्या जन्मवर्षाचे, १९४५ चे, राशिचिन्ह. हिरव्या टोपणाची ही श्रीराचा सॉसची बाटली आज जगभर ओळखली जाते. ती हातात घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की आपण एका निर्वासित-जहाजाचे नाव वाचत आहोत.

१९/ नव्या देशात कामे मिळाली ती इतरांना नको असलेली. दक्षिणेकडील राज्यांत अनेकांनी कोंबडी आणि मासळी साफ करण्याच्या कारखान्यांत हात झिजवले. टेक्सासच्या किनाऱ्यावर काहींनी कोळंबीच्या होड्या घेतल्या. १९८१ मध्ये गॅल्व्हेस्टन उपसागरात कू क्लक्स क्लॅनने त्यांना उघड धमकावले. व्हिएतनामी मच्छीमार संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि न्यायाधीश गॅब्रिएल मॅकडोनाल्ड यांनी क्लॅनला मनाई हुकूम बजावला. ज्यांच्या स्वयंपाकाच्या वासाला शेजारी नाके मुरडत, त्यांनी कायद्याच्या मार्गाने समुद्रावरचा आपला हक्क राखला.

२०/ विखुरण्याचे सरकारी धोरण फार काळ टिकले नाही. माणसे आपणहून एकमेकांकडे सरकली: ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, सॅन होजे आणि सर्वांत मोठ्या संख्येने कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी. वेस्टमिन्स्टरच्या बोल्सा मार्गावरील वस्तीला १९८८ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने ‘लिटल सायगॉन’ म्हणून अधिकृत मान्यता दिली. कितीतरी दुकानांच्या नावांत आकडे दिसतात, ‘फो ५४’, ‘फो ७५’. अनेकदा हे आकडे घर सुटल्याच्या वर्षाकडे बोट दाखवतात. पाट्यांवर कोरलेल्या या तारखा म्हणजे आसरा मिळाल्यानंतरचे मूक स्मारकच.

२१/ आता अमेरिकेची बाजू. कोंबडीचा पंख तिथेही उपेक्षित होता. हाडे जास्त, मांस कमी, त्यामुळे त्याची रवानगी सूपच्या भांड्यात होई. १९६४ मध्ये बफेलो शहरातील अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी पंख तळून तिखट सॉस आणि लोण्यात घोळवले, अशी प्रसिद्ध कथा आहे. याच शहरातील कृष्णवर्णीय व्यावसायिक जॉन यंग यांचाही पंखांवर दावा होता, तो दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. १९७७ मध्ये बफेलोने २९ जुलै हा ‘चिकन विंग दिन’ जाहीर केला. हळूहळू पंख फुटबॉलचे सामने पाहताना खाण्याचे राष्ट्रीय खाद्य झाले.

२२/ व्हिएतनामी स्वयंपाकघराला पंख नवे नव्हते. तिथे कोंबडीचा पाय, मान, काळीज यांतले काहीच वाया जात नाही. शिवाय ‘खो’ ही जुनी रीत हाताशी होती. साखर करपण्याच्या अलीकडेपर्यंत नेऊन तिचा काळसर पाक करायचा, त्यात नुओक माम घालून मासे किंवा मांस मंद आचेवर शिजवायचे. खारटपणा आणि गोडवा एकमेकांना बांधून ठेवतात, माशाचा उग्र वास विरतो आणि खोल चव उरते.

२३/ ‘कान गा च्येन नुओक माम’, म्हणजे मत्स्यसारातील तळलेले कोंबडीचे पंख, याच तर्काने बनतात. पंख सॉस आणि साखरेत मुरवायचे, कोरडे करून तांदळाच्या किंवा तत्सम पिठात घोळवून तळायचे. मग तोच सॉस साखर आणि लसूण घालून आटवायचा आणि गरम पंख त्यात झटपट परतायचे. लेप इतकाच दाट हवा की आवरण मऊ पडू नये. व्हिएतनाममध्ये आज हा बिअरसोबतचा आवडता पदार्थ. अमेरिकेत मात्र बफेलोने लावलेल्या सवयीमुळे त्याला गिऱ्हाईक आयतेच मिळाले. पंख हाताने खाणे, बोटे चाटणे हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

२४/ गंमत अशी की या पदार्थाला सर्वांत मोठी प्रसिद्धी मिळाली ती व्हिएतनामी उपाहारगृहात नव्हे. अँडी रिकर या अमेरिकी शेफने २००५ मध्ये पोर्टलंडला ‘पोक पोक’ हे थाई जेवणाचे ठिकाण सुरू केले. तिथल्या एका व्हिएतनामी सहकाऱ्याच्या कृतीने बनलेले पंख त्याच्याच नावाने, ‘आइकचे विंग्ज’ म्हणून, मेनूवर आले आणि देशभर गाजले. २०२० मध्ये ‘पोक पोक’ बंद झाले. पंख मात्र असंख्य स्वयंपाकघरांत पसरले होते. स्वयंपाक्याचे नाव मेनूवर छापले जाणे ही खाद्यइतिहासातील विरळा गोष्ट, म्हणून तिची नोंद घ्यायलाच हवी.

२५/ मग हे पंख ‘अस्सल’ व्हिएतनामी आहेत का? हाच प्रश्न फोला विचारला तर फ्रेंच खाटिकखाना पुढे येतो, बान मीला विचारला तर फ्रेंच भट्टी, का री गाला विचारला तर पुदुच्चेरीचे जहाज. १९५४ मध्ये दक्षिणेत गेलेला फोही हनोईच्या दृष्टीने बिघडलेलाच होता. २०११ मध्ये ‘बान मी’ ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात दाखल झाला, तो व्हिएतनामी पदार्थ म्हणूनच. पदार्थ एका जागी किती काळ स्थिर राहिला, यावर त्याचा अस्सलपणा मोजला तर या मेनूकार्डावर फारच थोडे शिल्लक राहील.

२६/ मोजायचेच असेल तर वेगळे मोजावे: माणसांकडून सारे हिरावले गेले तेव्हा त्यांनी काय सोडले नाही? मांस बदलले, पालेभाज्या बदलल्या, खाणारे बदलले. बाटलीतला तो अर्क बदलला नाही. तो मिळेना तेव्हा पर्याय शोधले, दुसऱ्या देशात बनला तेव्हा त्यावर आपल्या बेटाचे नाव वाचले. ज्या वासाची मुलांना शाळेच्या डब्यात लाज वाटे, त्याच वासासाठी आज तिऱ्हाईत रांगा लावतात. ही रांग दिसण्याआधी मधल्या दोन पिढ्यांनी तो वास मुकाट्याने जपला, हे विसरता कामा नये.

२७/ १९९४ नंतर बाटल्या पुन्हा थेट व्हिएतनामहून येऊ लागल्या. २०१२ मध्ये युरोपीय संघाने फू क्वोकच्या नुओक मामला उत्पत्तिस्थानाचे कायदेशीर संरक्षण दिले. आता त्या बेटाबाहेर बनलेल्या सॉसला युरोपच्या बाजारात ते नाव लावता येत नाही. ज्या नावावर एकेकाळी निर्वासितांनी परक्या देशात समाधान मानले होते, ते नाव आपल्या पाण्याकडे परतले.

२८/ म्हणून व्हिएतनामी उपाहारगृहात विंग्जची बशी समोर आली की शेजारच्या वाटीतील तांबूस द्रवाकडेही एकदा पाहावे. त्याचे नाव उच्चारताना व्हिएतनामी माणूस ‘पाणी’ म्हणतो, आणि त्याच शब्दाने आपल्या देशालाही हाक मारतो. (समाप्त)